गिटार, बेस आणि अँप घेताना काय बघायचं: नाशिकच्या नवशिक्यांसाठी

बारावीचा रिझल्ट लागला की किंवा दिवाळीचा बोनस आला की नाशकात बऱ्याच घरांत गिटारचा विषय निघतो, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, कुठल्या कंपनीची घेऊ. मला विचाराल तर कंपनी हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. आधी नेक (गिटारचा लांब दांडा) सरळ आहे का, तारा फ्रेटबोर्डपासून (नेकवरची बोटं दाबायची फळी) किती उंच आहेत आणि खालपासून वरपर्यंत सूर बरोबर लागतोय का, हे तीन बघा. नवीन शिकणारी पोरं दोन-तीन महिन्यांत गिटार कपाटावर टाकतात ना, त्यात बोटं दुखणं हे फार मोठं कारण असतं आणि बोटं दुखतात ती बऱ्याचदा तारा उंच असल्यामुळे, पोरात दम नसतो म्हणून नाही. घरचे म्हणतात याला नादच नाही, आणि खरं तर त्या गिटारवर चांगला वाजवणारा माणूसही वैतागला असता. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

आधी ठरवा वाजवायचं काय

गाणी म्हणत म्हणत कॉर्ड वाजवायच्यात, मित्रांबरोबर पांडवलेणीच्या पायथ्याशी नाहीतर गंगापूर धरणावर जाऊन बसायचंय, तर सरळ स्टीलच्या तारांची अकूस्टिक घ्या, वायर नको अँप (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) नको, पिशवीतून काढली की सुरू. नायलॉनच्या तारांची असते ती क्लासिकल. तिचा नेक रुंद असतो, नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) साधारण ५२ मिमी, अकूस्टिकचा ४३ मिमीच्या आसपास. बोटांना ती मऊ लागते पण छोट्या हाताला पूर्ण रुंदी पकडणं जड जातं. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, क्लासिकलवर स्टीलच्या तारा कधीच चढवू नका. स्टीलच्या सहा तारांचा एकूण ताण ७० किलोच्या घरात जातो, नायलॉनचा त्याच्या निम्म्याच्या जरा वर, आणि क्लासिकलची बॉडी त्या जास्तीच्या ताणासाठी बनवलेलीच नसते, काही दिवसांत ब्रिज (बॉडीवरची, तारा अडकवायची पट्टी) उचकटून हातात येतो.

इलेक्ट्रिक शिकायची असेल तर आधी वर्षभर अकूस्टिक घासावी लागते असं क्लासमध्येही सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक असतात, सगळ्यात पातळ तार ०.००९ किंवा ०.०१० इंचाची, अकूस्टिकवर बहुतेक ०.०१२ ची येते, त्यामुळे उलट नवशिक्याला इलेक्ट्रिक सोपी जाते. ज्याला रॉक-मेटल वाजवायचंय त्याने पहिल्या दिवसापासून इलेक्ट्रिक घ्यावी, फक्त अँपचा खर्च धरून चाला.

आणि बेस. बेस म्हणजे चार तारांची सोपी गिटार असं समजणारे खूप आहेत, पण बेसचं काम वेगळंच आहे. ड्रमच्या जोडीनं गाण्याची लय धरून ठेवायची, तिच्याशिवाय बँड पोकळ वाटतो. ई ए डी जी अशा चार तारा, गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली. नाशकात काय किंवा कुठेही, गिटारवाले ढिगानं मिळतात पण बेसवाला शोधावा लागतो, त्यामुळे कॉलेजच्या बँडमध्ये लवकर घुसायचं असेल तर बेसचा विचार मनापासून करा. हात छोटे असतील तर शॉर्ट स्केल बेस बघा, तिची तार नटपासून ब्रिजपर्यंत ३० इंच असते, नेहमीच्या बेसची ३४. पाच तारांची सुरुवातीला घेऊ नका, रुंद नेक आणि ती जाड बी तार सांभाळण्यातच वेळ जातो.

आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी थ्री-फोर्थ साइज मागा. पुढं मोठं झाल्यावरही चालेल म्हणून फुल साइज आणली की मुलाचा खांदा वर चढतो आणि हात पहिल्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) पोचतच नाही. डावखुऱ्यांनी आधी फोन करून विचारा, दुकानात लेफ्टी तयार सहसा नसते, मागवावी लागते.

बघून ओळखायचं कसं

अकूस्टिकमध्ये मोठ्या चौकोनी खांद्याची ती ड्रेडनॉट, कमरेत बारीक आणि लहान ती ऑडिटोरियम किंवा कॉन्सर्ट, बारीक अंगाच्या माणसाला किंवा सोफ्यावर बसून वाजवणाऱ्याला ही दुसरी जास्त सोयीची. वरच्या पट्टीवर हात जावा म्हणून कापलेली असते ती कटअवे. आवाजात सगळ्यात जास्त फरक पडतो तो वरच्या फळीनं, म्हणजे टॉपनं. ती अखंड लाकडाची आहे की प्लायची, हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा स्वतः बघा. साउंडहोलच्या कडेला मोबाइलचा टॉर्च मारा आणि लाकडाच्या रेषा बघा. वरची रेषा तशीच कडेवरून खाली उतरत गेली तर सॉलिड टॉप, कडेला आडवे थर दिसले आणि मधल्या थराचा रंग वेगळा असला तर प्लाय. यामाहाची एफ-३१० प्लाय टॉपची आहे आणि एफजी-८०० सॉलिड स्प्रूस टॉपची, दोन्ही शेजारी ठेवून एकच कॉर्ड वाजवली की कानाला कळतं. पण प्लाय म्हणजे वाईट असं धरून चालू नका, आपल्याकडच्या हवेत प्लाय जास्त तग धरते आणि शिकायला एफ-३१० सारखी गिटार पुरून उरते, इतकी वर्षं लोक ती उगाच घेत नाहीयेत.

इलेक्ट्रिकमध्ये तीन आकार ओळखता आले की बाजारातल्या बऱ्याचशा गिटारी ओळखता येतात, कारण बाकीच्या कंपन्यांनी यांचेच आकार थोडेफार बदलून वापरलेत. फेंडरची टेलिकास्टर, एकच शिंग असलेली, १९५०-५१ मध्ये बाजारात आली, आधी तिचं नाव ब्रॉडकास्टर होतं. फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची, दोन शिंगं, तीन पिकअप (तारांचं कंपन उचलून अँपला देणारे चुंबक), बऱ्याचदा व्हॅमी बार (सूर हलवायचा दांडा) असतो. आणि गिब्सनची लेस पॉल १९५२ ची, जाड, वजनदार, एका बाजूनं कापलेली. फेंडरचा नेक बोल्टनं बसवलेला असतो, लेस पॉलचा डिंकानं बॉडीत चिकटवलेला. शिवाय फेंडरची स्केल २५.५ इंच आणि गिब्सनची २४.७५ च्या आसपास, तारा त्याच पण गिब्सनवर थोड्या सैल लागतात, बेंड मारायला, म्हणजे तार ओढून सूर चढवायला, सोप्या.

पिकअप दोन जातीचे. एका कॉइलचा तो सिंगल कॉइल, आवाज स्वच्छ, चकचकीत, पण घरातल्या लाइटच्या ५० हर्ट्झची घरघर उचलतो. दोन कॉइल उलट गुंडाळून जोडले की ती घरघर एकमेकांत कटते, तो हंबकर, गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास तो तयार केला, आवाज जाड आणि भरलेला. काय वाजवायचं नक्की ठरत नसेल तर ब्रिजला हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी गिटार घ्या, यामाहाच्या पॅसिफिकामध्ये हीच मांडणी मिळते आणि नवशिक्याला त्याहून मोकळी निवड दुसरी नाही असं माझं मत आहे.

बेसमध्येही दोनच मुख्य घराणी. फेंडर प्रिसिजन, १९५१ ची, मध्ये दोन तुकड्यांचा सरकवलेला पिकअप असतो तो १९५७ पासूनचा, आवाज एकच पण ठाम. जॅझ बेस १९६० ची, दोन लांब पिकअप, नटपाशी नेक साधारण ३८ मिमी म्हणजे बारीक, छोट्या हाताला बरा. बेसच्या मागे बॅटरीचं झाकण असेल तर ती ॲक्टिव्ह. अशा बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि केबल जॅकमध्ये लावलेली असेपर्यंत ती जळत राहते, वाजवा किंवा नका वाजवू. प्रॅक्टिस संपली की केबल काढायची सवय लावा, नाहीतर ऐन कार्यक्रमात आवाज फाटायला लागतो आणि सगळे अँपला दोष देत बसतात.

दुकानात हातात घेतल्यावर

दुकानात गर्दी असते, दुकानदार मागे उभा असतो, लाज वाटते वाजवायला. काही वाजवता नाही आलं तरी हे सगळं करता येतं, बिनधास्त करा, पैसे तुमचे आहेत.

पहिलं, गिटार बंदुकीसारखी धरून हेडस्टॉककडून (ट्यूनिंगच्या कळा असतात ते टोक) ब्रिजकडे एका डोळ्यानं बघा. नेक किंचित आतल्या बाजूला वाकलेला चालतो, तसा असावाच लागतो, पण पिळलेला दिसला, म्हणजे एक कडा वर आणि एक खाली, तर तिथेच ठेवून द्या. वाकलेला नेक ट्रस रॉडनं (नेकच्या आतली सळई) सरळ होतो, पिळलेला होत नाही.

दुसरं, ॲक्शन. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत किती अंतर आहे ते मोजायचं. फूटपट्टी नसली तरी एटीएम कार्ड असतंच, ते सगळीकडे एकाच जाडीचं असतं, ०.७६ मिमी. आकडे उठावाचे नसलेली तीन कार्डं एकावर एक ठेवून बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली सरकवा. अकूस्टिकवर तीन कार्डं तारेला जेमतेम टेकून गेली तर उंची २.३ मिमीच्या आसपास आहे, छान आहे. चार कार्डं आरामात गेली आणि वर जागाही उरली तर ॲक्शन जास्त आहे, बोटं सोलून निघतील. पातळ ई तारेखाली यापेक्षा कमी हवी, अडीच कार्डं धरा. इलेक्ट्रिकवर दोन कार्डं पुरे, बेसवर तीन. ॲक्शन जास्त निघाली म्हणजे लगेच गिटार बाद असं नाही, सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून किंवा रॉड फिरवून खाली येते, फक्त दुकानदाराला सांगा की आत्ता इथेच सेट करून द्या आणि मगच पैसे. अकूस्टिकमध्ये मात्र आधी सॅडल बघा, तो ब्रिजच्या वर किती शिल्लक आहे. ॲक्शन उंच आणि सॅडल आधीच बुडाला टेकलेला, तर खाली आणायला जागाच नाही, ती घेऊ नका.

तिसरं, प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून वाजवा. हो, सगळे. पाच मिनिटं लागतात. कुठे खरखर होतेय का, कुठे दोन शेजारच्या फ्रेटवर एकच सूर येतोय का, कुठे सूर उमटल्या उमटल्या मरतोय का. एखाद-दुसऱ्या ठिकाणी हलकी खरखर सेटअपनं जाते, पण एकाच फ्रेटवर सगळ्या तारा खरखरत असतील तर तो फ्रेट वर उठलेला आहे.

चौथं, मोबाइलवर ट्यूनर ॲप उघडा. तार मोकळी सुरात लावा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा, तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. काटा बराच उजवीकडे गेला तर इंटोनेशन बाहेर आहे, म्हणजे पहिल्या तीन फ्रेटवर कॉर्ड गोड लागतील आणि वर गेलं की सगळं बेसूर. इलेक्ट्रिक आणि बेसवर सॅडलचा स्क्रू फिरवून, सॅडल मागे घेऊन हे बसवता येतं, अकूस्टिकवर सॅडल एकच अखंड पट्टी असते त्यामुळे तिथे फारसं काही करता येत नाही, अकूस्टिकला ही टेस्ट चुकवूच नका. शिकणाऱ्याचा कान याच काळात तयार होत असतो, आणि रोज बेसूर ऐकून तयार झालेला कान नंतर सुधारायला फार कष्ट पडतात.

मग बाकीचं पटापट. नेकच्या कडेनं हात फिरवा, फ्रेटची टोकं टोचतायत का. ट्यूनिंगच्या कळा फिरवा, अडकतायत का, मोकळ्या फिरतायत का. अकूस्टिकच्या ब्रिजमागे कागद सरकवून बघा, आत गेला तर ब्रिज सुटायला लागलाय. इलेक्ट्रिक असेल तर अँपला जोडूनच बघा, प्रत्येक पिकअप, प्रत्येक नॉब, जॅक जरा हलवा, कर्रकर्र आली तर सांगा. आणि बसून, उभं राहून, दोन्ही प्रकारे धरा, पट्टा लावल्यावर हेडस्टॉक जमिनीकडे झुकतो का ते बेसमध्ये खास बघा, नाहीतर अर्धा जीव नेक उचलून धरण्यात जातो.

अँप, ज्याकडे सगळे शेवटी बघतात

पंचवीस हजार बजेट असलं की लोक चोवीसची गिटार घेतात आणि उरलेल्यात जो डबा मिळेल तो आणतात. उलटं सांगतो, इलेक्ट्रिकमध्ये जो आवाज ऐकू येतो त्यातला निम्मा तरी अँप आणि स्पीकरचा असतो. पंचवीसमध्ये पंधराची गिटार, सात-आठचा अँप, बाकी केबल, पट्टा, ट्यूनर, तारांचा एक जास्तीचा सेट असं वाटून घ्या.

घरासाठी १० ते २० वॉट खूप झाले. वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, कानाला दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात, म्हणजे १०० वॉटचा अँप १० वॉटच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो. इंदिरानगरच्या नाहीतर पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये १० वॉटसुद्धा अर्ध्यावर गेला की शेजारी बेल वाजवतात, त्यामुळे हेडफोनचा सॉकेट आहे का हे आधी बघा, आणि गाण्यासोबत वाजवायला ऑक्स किंवा ब्लूटूथ. फेंडर फ्रंटमन, ऑरेंज क्रश, मार्शल एमजी हे साधे सॉलिड स्टेटवाले, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारे, टिकाऊ आहेत आणि कोणीही दुरुस्त करून देतो. आपल्या देशी स्ट्रेंजरचे क्यूब अँपही छोट्या शहरांतल्या क्लासमध्ये सर्रास दिसतात. बजेट जास्त असेल तर बॉस कटाना ५० बघा, त्यात पॉवर अर्ध्या वॉटवर आणता येते, म्हणजे रात्री हळू आवाजातही टोन भरलेला राहतो, आणि पुढे बँडबरोबर तोच अँप चालतो.

ट्यूब अँपचा आवाज गोड असतो, मला स्वतःला त्याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही, पण पहिला अँप म्हणून घेऊ नका. ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात, वजन फार असतं. स्पीकर न जोडता चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत काहीशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात, घरातल्या कुणीही स्क्रूड्रायव्हर घेऊन तो उघडू नये.

बेस गिटारच्या अँपमध्ये लावू नका. मोकळी ई तार बेसवर ४१ हर्ट्झला वाजते, गिटारची ८२ ला, गिटारच्या अँपचा छोटा स्पीकर ते खालचे सूर ढकलता ढकलता फाटतो. अगदी हळू आवाजात शिकण्यापुरतं ठीक, बाकी बेसला बेसचाच अँप, घरात २०-२५ वॉट, ड्रमसोबत वाजवायचं असेल तर १०० च्या वर. उलटं मात्र चालतं, गिटार बेसच्या अँपमध्ये लावली तर काही बिघडत नाही, आवाज जरा मातकट येतो इतकंच.

आणि आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर आहुजाचा अँप्लिफायर आणि भोंगे लावलेले असतात आणि कोणीतरी म्हणतं गिटार त्यातच लाव. पिकअपवाली अकूस्टिक असेल तर लावा, चांगली चालते. इलेक्ट्रिक डिस्टॉर्शनसकट (मुद्दाम फाडलेल्या आवाजात) थेट लावली तर माशी कानात घोंगावल्यासारखा आवाज येतो, कारण गिटारचा स्पीकर वरची कर्कश टोकं आपोआप कापतो आणि भोंगा कापत नाही. आपला छोटा अँप स्टेजवर ठेवा आणि गायकाच्या माइकसारखा एक माइक त्याच्या स्पीकरसमोर चार बोटांवर लावा, प्रश्न मिटला.

वीज, इथे हयगय नको

जुन्या नाशकातल्या वाड्यांत, पंचवटीकडच्या जुन्या घरांत अर्थिंग नसलेले किंवा फक्त नावाला असलेले सॉकेट अजून आहेत. गिटारच्या तारा आतून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, तुमचे हात त्या तारांवर असतात आणि तोंडापुढे माइक असतो. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर काळजी नाही, ते नेहमीचंच आहे. पण हाताला झिणझिण्या आल्या किंवा माइकला ओठ लागताच चटका बसला तर त्या क्षणी वाजवणं थांबवा, बटण बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. अँपच्या प्लगची जाड तिसरी पिन काढून टाकणं किंवा टू-पिन कन्व्हर्टर लावणं हा उपाय नाहीच, तीच पिन तुमचा जीव वाचवते. स्टेजवर जनरेटर असेल तर माइकचा मिक्सर आणि गिटारचा अँप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या.

अमेरिकेतून भाऊ, मामा येताना अँप घेऊन येतो, तिथे स्वस्त मिळतो म्हणून. गिटार आणली तर काहीच अडचण नाही. अँपच्या मागची पट्टी मात्र वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर इथे चालेल, फक्त १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टला लावल्याबरोबर फ्यूज जाईल, ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही अँपच्या वॉटेजपेक्षा बराच मोठा.

जुनी घेताना

सेकंडहँड घ्यायला मी कायम सांगेन, विशेषतः इलेक्ट्रिक आणि बेस, कारण निम्मे लोक वर्षभरात विकतात आणि वस्तू नव्यासारखी असते. फक्त नाव वाचून पैसे देऊ नका. स्क्वायर ही फेंडरचीच स्वस्त लाइन आणि एपिफोन ही गिब्सनची, दोन्ही चांगल्या, पण स्क्वायरच्या हेडस्टॉकवरचं नाव खरवडून फेंडरचं स्टिकर लावलेली गिटार बाजारात येते. सिरियल नंबर बघा, आयसीएसनं सुरू होत असेल तर ती इंडोनेशियात कॉर्टच्या कारखान्यात बनलेली स्क्वायर आहे, वर नाव काहीही असो. मेक्सिकोत बनलेल्या अलीकडच्या फेंडरचा नंबर एमएक्सनं सुरू होतो. गिब्सनच्या १९७७ पासूनच्या बहुतेक नंबरांत पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष असतं आणि मधले तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात, ते तीन आकडे ३६६ च्या वर गेले तर शंका घ्या. हेडस्टॉकवरच्या घंटेच्या आकाराच्या झाकणाला गिब्सनमध्ये दोन स्क्रू असतात, नकली लेस पॉलमध्ये बऱ्याचदा तीन दिसतात. लेस पॉलवर गिब्सन लिहिलंय आणि नेकमागे चार बोल्ट दिसतायत तर पुढे बोलायलाच नको. आणि गिवसन म्हणजे गिब्सन नव्हे, ती कोलकात्याची वेगळी भारतीय कंपनी आहे, नावावरून गोंधळू नका.

ओएलएक्सवर बघून सातपूर नाहीतर सिडकोत कुणाकडे गेलात तर हेडस्टॉकची मागची बाजू, नट जिथे असतो तिथे, नीट बघा, गिटार पडली की चीर तिथेच जाते. अकूस्टिकच्या आत टॉर्च मारून आतल्या पट्ट्या सुटल्यात का बघा, बॉडीवर टिचकी मारली की सुटलेली पट्टी खडखडते. फ्रेटवर तारांखाली खोल खड्डे पडलेले असतील तर फ्रेट बदलायचा खर्च किमतीतून वळता करायला सांगा.

कुठे घ्यायची

शहरातल्या वाद्यांच्या दुकानांत शिकाऊ अकूस्टिक भरपूर असतात, तिथे हातात घेऊन निवडता येतं आणि पुढे तार तुटली, कळ बिघडली तर जाऊन बसता येतं, म्हणून पहिली अकूस्टिक इथूनच घ्या असं मी म्हणेन. त्याच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी काढायला लावा, एकाच कारखान्यातल्या, एकाच किमतीच्या दोन गिटारींत फरक असतो. इलेक्ट्रिक, बेस आणि अँपला मात्र इथे पर्याय कमी पडतात. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून सीएसएमटीला उतरा, चालत धोबी तलावला जा, जेर महालमधलं फर्टाडोस १८६५ पासूनचं नाव आहे, एकाच दिवसात बरंच काही वाजवून बघता येतं आणि संध्याकाळी परत. सोबत वाजवणाऱ्या कुणाला तरी न्या, म्हणजे समोर उभं राहून तुम्हाला आवाज ऐकता येतो, वाजवणाऱ्याला आपला आवाज समोरून कसा येतो ते कळत नाही.

ऑनलाइन घेतलीत तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत वर सांगितलेल्या चारही टेस्ट करा, ती भिंतीला टांगून कौतुक करत बसू नका. सूर लावून एक रात्र ठेवा, सकाळी परत बघा.

घरी आणल्यावर

नाशकाची हवा लाकडाला सोपी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत, लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर टोचायला लागतात. जून-जुलैत ओल आली की तेच लाकूड फुगतं, अकूस्टिकचं पोट वर येतं आणि ॲक्शन वाढते. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) केसमध्ये टाका. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीला गिटार टेकवू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. उन्हाळ्यात उलट, पुड्या काढा आणि एसीच्या थेट झोतात किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत तर पाच मिनिटंही नको, बंद गाडीच्या उष्णतेनं ब्रिजचा डिंक मऊ पडतो आणि तारांचा ताण त्याला ओढून काढतो.

पहिला पावसाळा गेला की सेटअप करून घ्या. स्वतः ट्रस रॉड फिरवायचा असेल तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, मग सूर लावून काही तास थांबा, परत कार्डं घालून मोजा. रॉड जड लागला तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या. तारा रोज तासभर वाजवत असाल तर दोन-तीन महिन्यांनी बदला, घामट हात असतील तर त्याच्याही आधी, वाजवून झाल्यावर सुती फडक्यानं पुसल्या की जास्त टिकतात. बेसच्या तारा महाग असतात पण वर्षभरही चालतात. अकूस्टिकच्या तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक काढून एकेक चढवा, आणि पॅकेटवर १२ चा सेट असेल तर पुढच्या वेळीही तोच घ्या, जाडी बदलली की ताण बदलतो, ताण बदलला की नेक हलतो आणि ॲक्शन परत मोजावी लागते.